आधी आकडा, मग प्रयोग: पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राची गोडी कशी लागते

पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र बहुतेकांना दोन तुकड्यांत भेटतं. वर्गात मोल, कक्षक, समतोल. प्रयोगशाळेत ब्युरेट (मापाच्या खुणा आणि तोटी असलेली काचनळी), बर्नर आणि वही. दोन्हींची वेळापत्रकं वेगळी, पुष्कळदा शिकवणारेही वेगळे. मग विद्यार्थी ते दोन स्वतंत्र विषय असल्यासारखे शिकतात आणि दोन्हींना कंटाळतात. हा कोर्स आधी विद्यार्थी म्हणून आणि पुढे प्रयोगशाळेत शिकवणारे म्हणून केल्यावर आमचं एक ठाम मत झालं आहे: गोडी लागते ती हे दोन तुकडे सांधणाऱ्या एका सवयीमुळे. कोणताही प्रयोग सुरू करण्याआधी त्याचं उत्तर आकड्यात काढून वहीत लिहायचं. किती मिलिलिटर लागतील, तापमान किती अंशांनी चढेल, अवक्षेप (द्रावणातून वेगळा होऊन बसणारा गाळ) पडेल की नाही. मग प्रयोग करायचा, आणि फरक पडला तर तो कुठून आला याचा माग काढायचा. या कोर्समध्ये आम्हाला मिळालेला जवळजवळ सगळा आनंद त्या फरकातून आला आहे.

सुरुवात मोलपासून होते आणि इथेच पुष्कळ जण अडतात. एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३वा घात इतके कण. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का केला आहे. त्याआधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू तितके कण अशी व्याख्या होती आणि तो आकडा मोजून काढावा लागे. पण आकडा पाठ करून मोल समजत नाही. तो समजतो मोरचुदाच्या प्रयोगात.

मोरचूद म्हणजे निळं कॉपर सल्फेट. त्याच्या स्फटिकात प्रत्येक कॉपर सल्फेटमागे पाण्याचे पाच रेणू असतात असं पुस्तक सांगतं. ते पाच आहेत हे आपण तराजूवर दाखवायचं. आधी हिशोब: स्फटिकाचं मोलर वस्तुमान (एका मोलचं वजन) २४९.७ ग्रॅम, त्यात पाण्याचा वाटा ९०.१ ग्रॅम. म्हणजे २.५० ग्रॅम मोरचूद तापवला तर ०.९० ग्रॅम पाणी निघून जायला हवं आणि १.६० ग्रॅम पांढरी भुकटी उरायला हवी. हे लिहून झालं की मगच बर्नर पेटवायचा.

रिकामी मूस पाच मिनिटं तापवून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करायची आणि वजन घ्यायचं; नाहीतर मुशीतलाच ओलावा पुढे मोरचुदाच्या खात्यावर जमा होतो. मग मोरचूद घालून पुन्हा वजन. सुरुवातीला ज्योत अगदी मंद ठेवायची. एकदम जोरात तापवलं तर स्फटिकातली वाफ फुटून कण बाहेर उडतात आणि उडालेला कण हिशोबात ‘पाणी’ ठरतो. निळा रंग फिका होत गेला की आच थोडी वाढवायची. पूर्ण पांढरं झाल्यावर डेसिकेटरमध्ये थंड करून वजन, पुन्हा पाच मिनिटं तापवून थंड करून वजन. लागोपाठच्या दोन वजनांत ०.०१ ग्रॅमपेक्षा जास्त फरक उरला नाही की थांबायचं.

आता उत्तर काय येतं ते पाहा. पाण्याचे मोल भागिले उरलेल्या भुकटीचे मोल. पाच आलं तर उत्तम. पण ३.६ च्या आसपास आलं तर? हा आकडा उगाच येत नाही. मोरचुदातलं चार रेणू पाणी साधारण ११० अंशांपर्यंत सुटतं; पाचवा रेणू घट्ट बांधलेला असतो आणि त्याला २०० अंशांच्या वर जावं लागतं. पाचवा आतच राहिला तर ०.९० ऐवजी ०.७२ ग्रॅमच घट होते, उरलेली १.७८ ग्रॅम भुकटी आपण निर्जल समजून भागाकार करतो आणि गुणोत्तर ३.६ येतं. म्हणजे चुकलेल्या उत्तरानेही स्फटिकाची रचना सांगितली! उलट गुणोत्तर पाचाच्या वर गेलं तर तीन संशयित: कण उडाले, मूस गरम असतानाच तराजूवर ठेवली (गरम हवा वर जाते आणि तराजू कमी वजन दाखवतो), किंवा आच इतकी जास्त झाली की कॉपर सल्फेटच फुटायला लागलं. शेवटच्या प्रकारात कडेला काळं कॉपर ऑक्साइड दिसतं आणि नाकात झोंबणारा वायू येतो; तिथे लगेच आच काढायची. सगळं आटोपलं की गार झालेल्या पांढऱ्या भुकटीवर ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब टाका. भुकटी निळी होते आणि मूस बाहेरून कोमट लागते. बंध तयार होताना ऊर्जा बाहेर पडते हे वाक्य पुढे वर्गात येईल तेव्हा ते आधीच बोटांना माहीत असतं.

गणितात एकच नियम कसोशीने पाळायचा: प्रत्येक आकड्याला एकक लावायचं आणि एककं कापत जायचं. ‘ग्रॅम भागिले ग्रॅम प्रति मोल’ लिहिलं की मोल आपोआप उरतो. सूत्र आठवून आकडे घालणाऱ्यांपेक्षा एककं लिहिणाऱ्यांचं कमी चुकतं, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. सार्थ अंकांचंही तसंच. तराजू ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर उत्तरात सहा दशांश स्थळं लिहिणं म्हणजे न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणणं.

यानंतर येतं टायट्रेशन: एका द्रावणात दुसरं मोजून, थेंबाथेंबाने घालत त्याची तीव्रता काढायची. या कोर्समधलं सर्वात सुंदर काम हेच, असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून इथे जरा थांबू.

सोडियम हायड्रॉक्साइडचं ०.१ मोलर, म्हणजे लिटरला ०.१ मोल, द्रावण हवं आहे. एका लिटरला ४.० ग्रॅम, हिशोब सोपा. पण या गोळ्या बाटलीतून काढल्याबरोबर हवेतला ओलावा ओढतात आणि कार्बन डायऑक्साइड शोषून पृष्ठभागावर कार्बोनेट बनवतात. त्यामुळे तराजूवरच्या ४.० ग्रॅममध्ये खरं हायड्रॉक्साइड किती हे तराजू सांगू शकत नाही. म्हणून हे द्रावण अंदाजे करायचं आणि त्याची खरी तीव्रता अशा पदार्थाने ठरवायची ज्याच्या वजनावर विश्वास ठेवता येतो. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक इथे कामी येतात: कोरडे, स्थिर, मोलर वस्तुमान १२६.०७. ०.०५ मोलरचं २५० मिली द्रावण करायला १.५७६ ग्रॅम लागतात. नेमकं १.५७६ मोजत बसण्याची गरज नाही. १.५५ ते १.६० च्या मध्ये जे येईल ते घ्या, मात्र तराजूने दाखवलेला आकडा जसाच्या तसा लिहा आणि तीव्रता त्यावरून काढा.

स्फटिक बीकरमध्ये सुमारे १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचे, नरसाळ्यातून व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतायचे, बीकर, काचकांडी आणि नरसाळं तीनदा थोड्या-थोड्या पाण्याने धुऊन ते पाणीही फ्लास्कमध्येच घ्यायचं. खुणेच्या जवळ आलं की वॉश बॉटल बाजूला ठेवून ड्रॉपर घ्यायचा. खूण ओलांडली तर वरचं द्रावण काढून टाकून भागत नाही, कारण त्याबरोबर आम्लही जातं. नवीन करावं लागतं. विरघळवताना तापवलं असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग खूण गाठा. फ्लास्कवरची खूण ठरावीक तापमानासाठी असते, बहुधा २० अंश सेल्सिअस, आणि ते काचेवर छापलेलं असतं. शेवटी बूच लावून दहा-पंधरा वेळा पूर्ण उलटं करायचं. हे विसरलं तर फ्लास्कच्या तळाशी दाट आणि गळ्याशी पातळ द्रावण राहतं आणि पिपेट (ठरावीक आकारमान उचलणारी काचनळी) कुठून भरली यावर उत्तर बदलतं.

आता कोणतं भांडं कशाने खळखळायचं? इथे घोकंपट्टी नको, विचार पुरतो. ब्युरेटमध्ये पाण्याचे थेंब राहिले तर आत भरलेलं द्रावण पातळ होतं, म्हणून ब्युरेट भरायच्याच द्रावणाने दोनदा खळखळायची. पिपेटचंही तेच. पण कॉनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड पाण्याने, कारण तिथे महत्त्वाचे आहेत ते मोल. २५ मिली ऑक्झॅलिक आम्लात १.२५ मिलिमोल आहेत. त्यात आणखी ५० मिली पाणी पडलं तरी ते १.२५ च राहतात. फ्लास्क आम्लाने खळखळला आणि आत अर्धा मिली चिकटून राहिला, तर थेट दोन टक्क्यांची चूक.

पिपेट रबरी बल्बनेच भरायची, तोंडाने कधीच नाही. रिकामी करताना टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवून आपोआप वाहू द्यायची. टोकात उरलेला शेवटचा थेंब फुंकायचा नाही. पिपेटवरची खूण आखताना तो थेंब आत राहणार हे धरलेलंच असतं. ब्युरेट भरल्यावर तोटीखालच्या टोकातला हवेचा बुडबुडा तोटी झटक्यात पूर्ण उघडून घालवायचा. तो टायट्रेशनच्या मध्येच निघाला तर तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच रीडिंगमध्ये धरलं जातं. भरताना लावलेलं नरसाळं काढून ठेवायचं, कारण त्यातून थेंब गळत राहतात.

वहीतला अंदाज: ऑक्झॅलिक आम्लाचा एक रेणू दोन हायड्रॉक्साइड खातो. १.२५ मिलिमोलला २.५० मिलिमोल, म्हणजे ०.१ मोलर द्रावणाचे २५.० मिली. हे माहीत असलं की पहिले २० मिली निर्धास्तपणे सोडता येतात आणि सावधपणा शेवटच्या पाचासाठी राखून ठेवता येतो. फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे (अल्कलीत तो गुलाबी होतो) दोन-तीन थेंब, जास्त नकोत, खाली पांढरा कागद. एंड पॉइंट, म्हणजे आम्ल संपल्याची खूण, जवळ आला की थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि हलवल्यावर विरतो. हे विरणं मंदावलं की एकेक थेंब. शेवटी अर्धा थेंब टोकावर लटकवून फ्लास्कच्या भिंतीला टेकवायचा आणि वॉश बॉटलने खाली उतरवायचा. फिकट गुलाबी रंग अर्धं मिनिट टिकला की झालं. त्यानंतर काही वेळाने तो गेला तर घाबरून आणखी थेंब टाकू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत विरघळतो आहे. ज्याचा फ्लास्क गडद राणी रंगाचा झाला त्याचं रीडिंग पुढे गेलं.

रीडिंग घेताना डोळा द्रावणाच्या वक्र पृष्ठभागाच्या तळाशी समपातळीत हवा. यातली चूक कशी काम करते ते समजून घेण्यासारखं आहे. भरलेल्या ब्युरेटचं वरचं रीडिंग आपण खालून वर बघत घेतो आणि ते खऱ्यापेक्षा जास्त वाचलं जातं. शेवटचं रीडिंग खाली असतं, ते वरून वाकून बघतो आणि कमी वाचलं जातं. म्हणजे दोन्ही चुका एकाच बाजूला जातात आणि वजाबाकी खऱ्यापेक्षा लहान येते. ब्युरेट स्टँडवर खालीवर करा, गुडघे वाकवा, पण डोळा पातळीत आणा. मागे काळी पट्टी काढलेला पांढरा कार्ड धरला की वक्रतळ स्पष्ट दिसतो. ब्युरेटवर ०.१ मिलीच्या खुणा असतात, मधला अर्धा अंदाजाने वाचायचा. एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा, २५ मिलीत तो ०.२ टक्के होतो. साध्या काचेच्या नळीतून इतकी अचूकता हाताने मिळवता येते, याचं अप्रूप आम्हाला अजून वाटतं.

पहिलं टायट्रेशन घाईचं, फक्त जागा कळण्यासाठी. मग ०.१ मिलीच्या आत जुळणारी तीन रीडिंग. सरासरी समजा २५.६ आली, तर हायड्रॉक्साइडची तीव्रता २.५० भागिले २५.६, म्हणजे ०.०९७७ मोलर. अंदाजापेक्षा कमी, आणि का ते आता माहीत आहे: गोळ्यांनी पाणी ओढलेलं होतं. उत्तर ०.०४९ आलं तर हात चुकले नाहीत, समीकरणातला दोन राहिला.

याच ऑक्झॅलिक आम्लाचं पोटॅशियम परमँगनेटबरोबरचं टायट्रेशन वेगळ्या मजेचं आहे. इथे दर्शक लागत नाही, परमँगनेटचा जांभळा रंगच काम करतो. पाच ऑक्झॅलिक रेणूंना दोन परमँगनेट, त्यामुळे १.२५ मिलिमोलला ०.५० मिलिमोल, ०.०२ मोलर द्रावणाचे पुन्हा २५.० मिलीच. सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं. पहिले थेंब पडतात तेव्हा रंग जायला खूप वेळ लागतो, आणि मग एकाएकी झपाट्याने जायला लागतो. अभिक्रियेत तयार होणारा मँगनीज आयनच तिचा उत्प्रेरक ठरतो. पुस्तकात एका ओळीत येणारं हे स्व-उत्प्रेरण इथे डोळ्यांसमोर घडतं. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरलं तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं आणि रीडिंग वाढतं. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक, म्हणून तेही बाद. तपकिरी गढूळपणा आला तर आम्ल कमी पडलं किंवा थेंब घाईने पडले. तो मँगनीज डायऑक्साइड आहे आणि ते टायट्रेशन सोडून द्यायचं. द्रावण गडद असल्याने वक्राचा तळ दिसत नाही, तेव्हा वरची कड वाचायची, सुरुवातीलाही आणि शेवटीही.

अणुरचनेचा भाग वर्गात फार कोरडा होतो. त्यावर उपाय म्हणजे हायड्रोजनची विसर्जन नळी (विजेने आतला वायू उजळणारी) आणि विवर्तन जाळी (प्रकाशाचे रंग वेगळे करणारी). चार रेषा शोधायच्या: लाल ६५६ नॅनोमीटर, निळसर हिरवी ४८६, जांभळ्या ४३४ आणि ४१०. शेवटची पुष्कळांना अंधाऱ्या खोलीतही मुश्किलीने दिसते. बाल्मरने १८८५ मध्ये या चार आकड्यांवरून एक सूत्र काढलं, ते का बसतं हे न कळता. बोरने १९१३ मध्ये ऊर्जापातळ्यांवरून त्याचं कारण दिलं. तिसऱ्या पातळीवरून दुसरीवर येणाऱ्या इलेक्ट्रॉनचा हिशोब कागदावर करून ६५६ आणा आणि मग जाळीतून बघा. क्षार ज्योतीत धरून रंगावरून धातू ओळखण्याच्या ज्योत-परीक्षेतही हाच अर्थ आहे. तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायची कारण क्लोराइड सहज वाफ होऊन ज्योतीत जातात. सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा इतका जोरकस की पोटॅशियमचा फिका जांभळा त्यात बुडतो. निळ्या कोबाल्ट काचेतून पाहिलं की पिवळा अडतो आणि जांभळा दिसतो.

आवर्तसारणीबद्दल एवढंच की ती तक्ता म्हणून पाठ करू नये. मेंडेलेव्हने १८६९ मध्ये मांडणी केली आणि १८७१ मध्ये सिलिकॉनखालच्या रिकाम्या घरातल्या मूलद्रव्याचा अणुभार ७२ आणि घनता ५.५ सांगून ठेवली. विंकलरला १८८६ मध्ये जर्मेनियम सापडलं तेव्हा अणुभार ७२.६ च्या आसपास आणि घनता ५.३ च्या आसपास निघाली. आधी आकडा लिहिण्याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

बंधांच्या भागात लुईस रचना (रेणूतले इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी चित्रं) चुकतात त्या जवळजवळ नेहमी एकाच कारणाने: एकूण संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे बाहेरच्या कवचातले, आधी मोजलेले नसतात. मोजा, लिहा, मग बंध काढा आणि शेवटी पुन्हा मोजून ताळा करा. आकारांसाठी चार फुगे तोंडाशी एकत्र बांधून पाहावेत. ते आपोआप चतुष्फलकाच्या दिशांना वळतात. मिथेनचा १०९.५ अंश, अमोनियाचा १०७, पाण्याचा १०४.५ हे उतरते कोन मग पाठ करावे लागत नाहीत, बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉनच्या एकाकी जोड्या जास्त जागा घेतात एवढं लक्षात ठेवलं की पुरे. आणि ऑक्सिजनची रचना काढून झाल्यावर द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या ध्रुवांमध्ये अडकून राहतो हे दृश्य जरूर पाहा. लुईस रचनेत सगळे इलेक्ट्रॉन जोडीने आहेत, तर मग चुंबक का ओढतो? रेण्वीय कक्षकांचा सिद्धांत दोन एकटे इलेक्ट्रॉन दाखवतो. एक चांगला सिद्धांत कुठे अपुरा पडतो हे इतक्या स्वच्छपणे दिसण्याची संधी पहिल्या वर्षात क्वचितच मिळते.

उष्मारसायनात अंदाज लिहिण्याची सवय सर्वात जास्त फळते. ५० मिली १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ५० मिली १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, थर्मोकोलच्या पेल्यात. ०.०५ मोल पाणी तयार होतं, प्रति मोल सुमारे ५७.३ किलोज्यूल, म्हणजे २.८७ किलोज्यूल. ते १०० ग्रॅम द्रावणात जातात, अंशाला ४१८ ज्यूल, तापमान ६.९ अंशांनी चढायला हवं. आता दोन्ही १०० मिली घेतले तर किती चढेल? बरेच जण दुप्पट लिहितात. उत्तर तेच ६.९, कारण उष्णता दुप्पट झाली तशी तापणारी राशीही. आणि आम्ल तेवढंच ठेवून ५० मिली हायड्रॉक्साइड २ मोलरचं घेतलं तर? पुन्हा जवळपास तेवढंच, कारण आम्ल संपलं की अभिक्रिया थांबते. मर्यादक अभिकारक ही कल्पना थर्मामीटरवर वाचता येते ती अशी.

प्रत्यक्षात ६.९ ऐवजी ६.२-६.५ दिसतं. पेला, थर्मामीटर आणि हवा आपला वाटा घेतात, आणि सर्वोच्च तापमान दिसेपर्यंत थोडी उष्णता गेलेली असते. उपाय सोपा आहे: मिसळण्याआधी काही मिनिटं आणि नंतर आठ-दहा मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं, आलेख काढायचा आणि थंड होण्याची रेषा मिसळल्याच्या क्षणापर्यंत मागे ओढायची. तिथलं तापमान धरलं की उत्तर बरंच सुधारतं. दोन्ही द्रावणं सुरुवातीला एकाच तापमानाला आहेत का हे तपासायला मात्र विसरू नका. हायड्रॉक्साइड नुकतंच विरघळवलेलं असेल तर ते आधीच गरम असतं.

सुरक्षेचं इथेच सांगतो. तीव्र सल्फ्युरिक आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात, बारीक धारेने, ढवळत. उलट केलं तर वरचं थोडं पाणी क्षणात उकळून आम्लासकट उडतं. आणि डोळ्यांना आम्लाइतकंच, बहुधा त्याहून जास्त, भय अल्कलीचं असतं, कारण ती ऊतीत खोल शिरत जाते. गॉगल टायट्रेशनलाही लावायचा. डोळ्यात गेलंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा.

अभिक्रियेच्या वेगासाठी सोडियम थायोसल्फेट आणि आम्लाचा प्रयोग करतात: फ्लास्कखाली कागदावर काढलेली फुली गंधकाच्या गढूळपणात दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा. फुली झाकायला दर वेळी तेवढंच गंधक लागतं, म्हणून एक भागिले वेळ हे वेगाचं माप धरता येतं. पण हे खरं राहण्यासाठी एकूण आकारमान आणि फ्लास्क तेच हवेत, नाहीतर द्रावणाची खोली बदलते. सल्फर डायऑक्साइड सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्या. दहा अंश वाढले की वेग साधारण दुप्पट, हा ढोबळ नियम खोलीच्या तापमानाजवळ सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) प्रति मोल ५३ किलोज्यूलच्या आसपास असेल तेव्हाच बसतो. आपल्या आकड्यांवरून ती स्वतः काढून पाहा.

समतोल (अभिक्रिया दोन्ही दिशांना सारख्याच वेगाने चालू असणं) हा शब्द ऐकून थांबलेलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. ते चित्र कोबाल्ट क्लोराइड पुसून टाकतं. पाण्यातला कोबाल्ट गुलाबी. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं (धूर-कपाटात) की क्लोराइड जोडलेला निळा. दोन्हींच्या मधल्या जांभळट द्रावणाच्या तीन परीक्षानळ्या करा. एक गरम पाण्यात: निळी. एक बर्फात: गुलाबी. तिसरीत सिल्व्हर नायट्रेट: पांढरा अवक्षेप आणि द्रावण गुलाबी, कारण क्लोराइड काढून घेतला. निळ्याकडे जाणारी दिशा उष्णता घेणारी आहे हे या नळ्यांवरून तुम्हीच सांगू शकता. समतोल स्थिरांक मात्र बदलला तो फक्त पहिल्या दोन नळ्यांत, तापमानामुळे.

क्षारातले धातू गटागटाने अवक्षेप पाडून ओळखायच्या क्षार-विश्लेषणातली ‘अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनियम क्लोराइड घाला’ ही सूचनाही अशीच उलगडते. ०.१ मोलर अमोनियात (म्हणजेच अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये) हायड्रॉक्साइड आयन सुमारे ०.००१३ मोलर असतात, ०.१ मोलर मॅग्नेशियम असेल तर तेवढ्याने त्याचा अवक्षेप पडतो आणि तो भलत्याच गटात सापडतो. १ मोलर अमोनियम क्लोराइड घातल्यावर हायड्रॉक्साइड सातशे पटीने खाली येतो आणि मॅग्नेशियम द्रावणातच राहतं, पण कितीतरी कमी विद्राव्य असलेलं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तरीही खाली बसतं. ज्यांना विश्लेषणाचा तक्ता रटाळ वाटतो त्यांनी हा एक हिशोब मनापासून करावा.

कोर्सच्या शेवटी बफर (थोडं आम्ल किंवा अल्कली घातली तरी पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, फारसं बदलू न देणारी द्रावणं) येतात आणि इथे पीएच-मीटर लावून केलेलं टायट्रेशन सगळं एकत्र आणतं. मीटर आधी पीएच ४ आणि ७ च्या बफरने जुळवून घ्या. दर वेळी इलेक्ट्रोड धुऊन टिपकागदाने फक्त टिपा, घासू नका. २५ मिली ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल, ब्युरेटमध्ये ०.१ मोलर हायड्रॉक्साइड. सुरुवातीचा पीएच २.९ च्या जवळ. १२.५ मिलीला, बरोब्बर अर्ध्या वाटेवर, आम्ल आणि ॲसिटेट समसमान होतात आणि पीएच ४.७६ दाखवतो: आम्लाचा पीके-ए (त्याची ताकद दाखवणारा आकडा) थेट मीटरवर. याच जागी आलेख सर्वात सपाट असतो, कारण इथे तो बफर आहे. असा बफर एक लिटर घ्या, दोन्ही घटक ०.१ मोलर, आणि त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, पीएच ४.७६ वरून ४.६७ वर येतो. तेवढंच आम्ल एक लिटर शुद्ध पाण्यात घातलं तर पीएच ७ वरून २ वर कोसळतो.

पुढे २० मिलीपर्यंत १-१ मिली, २४ नंतर ०.१ आणि २४.८ नंतर थेंब-थेंब सोडा. २४.९५ मिलीला पीएच ७.५ च्या जवळ, २५.०० ला ८.७, २५.०५ ला १०.०. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग ८.२ ते १० मध्ये बदलतो, म्हणजे एका-दोन थेंबांत. मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक ३.१ ते ४.४ मध्ये बदलतो. तुमच्याच आलेखावर पीएच ४.४ ची आडवी रेषा ओढा. ती ७.६ मिलीलाच वक्राला भेटते. तिथे दोन-तृतीयांश आम्ल अजून शिल्लक असतं आणि वक्र इतका सपाट असतो की लाल, नारिंगी, पिवळा हा बदल कित्येक मिलिलिटर पसरतो आणि दोन रीडिंग कधीच जुळत नाहीत.